धडाचा नकाशा : लायपोसक्शनमध्ये कोणती जागा, किती आणि का

मराठीत ‘पोट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. पोट दुखते तेही पोट, पोट सुटते तेही पोट, आणि नाडा घट्ट होतो तेही पोटच. लायपोसक्शन करणाऱ्या सर्जनला मात्र हा एक शब्द पुरत नाही. त्याच्या दृष्टीने बरगड्यांच्या कडेपासून बेंबीपर्यंतचे वरचे पोट वेगळे, बेंबीखालचे ओटीपोट वेगळे, जांघांच्या मधला उंचवटा वेगळा, दोन्ही कुशी वेगळ्या, कमरेमागच्या वळ्या वेगळ्या आणि पाठीवर ब्लाउजच्या काठाखाली येणारी घडी आणखी वेगळी. या प्रत्येक जागी त्वचेची जाडी, चरबीचा पोत आणि खालच्या स्नायूंशी असलेली पकड निराळी असते. लायपोसक्शन म्हणजे त्वचेला बारीक छेद देऊन त्यातून बोथट नळी आत सरकवणे आणि त्वचेखालची चरबी शोषून काढणे. नळी चालवण्याचे कौशल्य महत्त्वाचे असतेच, पण निकालाचा मोठा भाग नळी हातात घेण्याआधी ठरतो. कोणत्या जागेला हात लावायचा, किती लावायचा आणि कोणती जागा सोडून द्यायची, हे आधी पक्के करावे लागते.

हे समजायला आधी त्वचेखाली काय असते ते पाहिले पाहिजे. पोटावरची चरबी एकसंध गादीसारखी नसते. त्वचेला लागून चरबीचा एक घट्ट थर असतो. त्यात उभ्या तंतूंचे बारीक पडदे असतात आणि त्यांच्यामुळे चरबीचे लहान लहान कप्पे पडतात. या थराखाली तंतूंचा एक पातळ पडदा पसरलेला असतो. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोनियो स्कार्पा यांच्या नावाने तो ओळखला जातो. पडद्याखाली दुसरा थर असतो. तो सैल, मऊ आणि मोठ्या गोळ्यांचा असतो, आणि माणूस जाड होतो तेव्हा मुख्यतः हाच फुगतो. त्याच्याही खाली स्नायूंचे पांढरे आवरण आणि मग स्नायू. लायपोसक्शनचे मुख्य काम या खालच्या सैल थरात चालते. वरचा घट्ट थर बऱ्याच अंशी राखून ठेवावा लागतो. तोही खरवडला तर त्वचेला खालचा आधार उरत नाही, ती स्नायूला चिकटते आणि पोटावर खड्डे व लाटा उठतात. चरबी कमी निघाली तर पुन्हा काढता येते, पण जास्त निघाली तर ती जागा भरून आणणे फार अवघड असते. म्हणून चांगला सर्जन किती काढायचे यापेक्षा किती ठेवायचे याचा विचार अधिक करतो.

अंगठा आणि तर्जनी यांच्यात पोटाची कातडी धरून चिमटा घेतला की जे हाताला लागते, तेवढेच लायपोसक्शनच्या कक्षेत येते. त्वचेचे दोन पदर आणि त्यांच्यामधली चरबी एवढेच चिमटीत येते. ही साधी चाचणी कोणत्याही यंत्राइतकी उपयोगी आहे. चिमटीत काही आलेच नाही, तर नळीने काढण्यासारखेही तिथे काही नसते.

गैरसमज होतो तो नेमका इथेच. पन्नाशीच्या पुरुषाची ढेरी पुष्कळदा टणक असते. शर्टाची बटणे ताणलेली असतात, पण पोटावर चिमटा घ्यायला गेले तर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर कातडी हाती लागते. उरलेली सगळी चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांच्या पडद्यांमध्ये आणि यकृताभोवती साठलेली असते. अशा माणसाला पाठीवर सपाट झोपवून बाजूने पाहावे. बरगड्यांच्या कडेपेक्षा पोट खाली बसले, तर चरबी बरीचशी बाहेरच्या थरात आहे असे समजते. झोपल्यावरही पोट घुमटासारखे वरच राहिले, तर ती आतली चरबी असते. तिथे नळी पोचत नाही आणि पोचता कामाही नये, कारण स्नायूच्या आवरणापलीकडे आतडी असतात. या माणसाला लायपोसक्शनचा सल्ला देणे म्हणजे त्याचे पैसे घेऊन त्याला तसाच घरी पाठवणे होय.

महाराष्ट्रातील माणसाला हा भेद कळणे अधिक गरजेचे का आहे, हे पुण्यातील संशोधनाने दाखवले आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची आणि वजनावरून काढलेला निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा होता, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून किती वेगळी असू शकतात, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला होता. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गावातली बाळे हातापायांनी, स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली घेतलेला कातडीचा चिमटा मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. चरबी धडावर साठवण्याची ही प्रवृत्ती जन्मापासून दिसते. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषाचा ९० च्या पुढे गेला की धोक्याची पातळी मानतात, त्यामागे हेच कारण आहे.

मग त्वचेखालची चरबी काढली तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी होईल का? अमेरिकेतील सेंट लुइस येथे सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट थेट तपासली. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने मोठ्या प्रमाणात चरबी काढली. सरासरी दहा किलोच्या आसपास चरबी गेली. १० ते १२ आठवड्यांनी मोजमाप केले, तेव्हा इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान असला तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे. लायपोसक्शन आकार बदलते, प्रकृती नाही. ते वजन घटवण्याचा उपायही नाही. एक लिटर चरबीचे वजन साधारण ९०० ग्रॅम भरते. पोट आणि कुशी मिळून तीन लिटर शुद्ध चरबी निघाली, तरी काटा तीन किलोसुद्धा खाली येत नाही. व्यायाम आणि आहाराने वजन बऱ्यापैकी स्थिरावले आहे, तरी एखाद्या जागची चरबी हटत नाही, अशा व्यक्तीला या शस्त्रक्रियेचा खरा लाभ होतो.

आता समोरच्या बाजूने सुरुवात करू. वरच्या पोटावर चरबी तंतुमय आणि घट्ट असते. तिथे नळी जड चालते, चरबी हळू निघते आणि घाईत काम झाले तर उंचसखलपणा राहतो. बरगड्यांच्या कडेजवळ धोकाही असतो. नळी वर सरकताना तिचे टोक खाली झुकले तर ते बरगडीखाली शिरू शकते, म्हणून टोक सतत त्वचेच्या बाजूला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली ठेवतात. ओटीपोटाची गोष्ट उलट आहे. तिथे खालचा सैल थर जाड असतो, चरबी सहज निघते, आणि त्यामुळेच अतिरेकाचा मोह होतो. वरचे पोट तसेच ठेवून फक्त ओटीपोट सपाट केले, तर बेंबीच्या वर एक कठडा उरतो, म्हणून बहुतेक वेळा दोन्ही भागांचा विचार एकत्र करावा लागतो. बेंबीखाली अगदी शेवटी, जांघांच्या मधला उंचवटा पुष्कळदा नियोजनातून सुटतो. वरचे पोट उतरले की तो एकदम नजरेत भरतो आणि रुग्णाला वाटते, हे नवीनच काहीतरी आले.

मराठी बाईच्या पोटावर पुष्कळदा आणखी एक रेघ असते. वर्षानुवर्षे परकराचा नाडा एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेभोवती काळपट, किंचित दबलेली खाच पडते. पुरुषांत काहींना करदोड्याची तशी खूण असते. शस्त्रक्रियेआधी पोटावर खुणा करताना ही खाच वेगळी ओळखून ठेवावी लागते. तिथे चरबी आधीच दबलेली असते आणि फुगवटा तिच्या वर व खाली असतो. ही खाच बुजवावी म्हणून तिच्याखाली नळी फिरवली तर ती अधिकच खोल दिसेल. वरचा आणि खालचा फुगवटा हलका करून उतार सौम्य करणे एवढेच इथे करता येते. त्वचेचा काळेपणा लायपोसक्शनने जात नाही, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

बसल्यावर पोटाला पडणाऱ्या वळ्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे यादवकालीन मंदिरांसाठी ओळखले जाणारे गाव. ज्या मूर्तिपरंपरेतून अशी मंदिरे घडली, तिच्यात बेंबीजवळच्या तीन नाजूक वळ्यांना त्रिवली म्हणत आणि ते सौंदर्याचे लक्षण मानत. शरीररचनेच्या दृष्टीनेही त्या वळ्या स्वाभाविक आहेत. धड पुढे वाकते तिथे त्वचेला घडी पडणारच, ती सडपातळ माणसालाही पडते. उभे असताना पोट सपाट आहे आणि बसल्यावर घडी पडते, एवढ्या तक्रारीवर शस्त्रक्रिया ठरवू नये.

बाजूला वळले की कुशी येतात. कमरेचा आकार खरे तर इथे ठरतो, समोरच्या पोटावर नाही. समोरून पाहताना कंबर आत गेलेली दिसते की नाही, हे कुशीतल्या आणि पाठीच्या खालच्या भागातल्या चरबीवर अवलंबून असते. म्हणून पोट जसेच्या तसे असूनही फक्त कुशी हलक्या केल्याने आकार बदललेला दिसतो, आणि उलट, पोटावर भरपूर काम करून कुशी सोडल्या तर रुग्णाला काही झाल्यासारखेच वाटत नाही. इथे स्त्री आणि पुरुष यांच्यात फरक आहे. त्वचा काही ठराविक रेषांवर खालच्या आवरणाला घट्ट बांधलेली असते. पुरुषात ही पकड कमरेच्या हाडाच्या कडेवर असते, त्यामुळे चरबीची वळी हाडाच्या वर साठते आणि पँटच्या पट्ट्यावरून बाहेर येते. स्त्रीत ती पकड आणखी खाली असते, म्हणून वळी हाडावरून खाली नितंबाच्या बाजूपर्यंत उतरते. पुरुषाच्या पद्धतीने स्त्रीची कूस आखली तर वळीचा खालचा अर्धा भाग राहून जातो. आणि या घट्ट पकडीच्या रेषांवर नळी चालवणे तर टाळायलाच हवे. ती बांधणी तुटली की तिथली घडी सैल पडते आणि शेजारच्या भागाला आधार उरत नाही. अशा जागा आखताना सर्जन त्यांवर तिरप्या रेघांची जाळी काढतात. अर्थ एवढाच की इथे जायचे नाही.

पाठ हा धडाचा सर्वांत उपेक्षित भाग. आरशात ती दिसत नाही, म्हणून रुग्ण सहसा तिच्याबद्दल बोलत नाही. पाठीची त्वचा शरीरात सर्वांत जाड असणाऱ्यांपैकी आहे आणि तिच्याखालची चरबी तंतूंनी विणलेली. नळी ढकलताना हाताला चिवटपणा जाणवतो. अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी चरबी आधी सैल करून मग ती शोषून घेणारी साधने इथे उपयोगी पडतात, पण त्यांत उष्णता असते आणि एका जागी साधन थांबले तर त्वचा भाजू शकते. पाठीवर वरच्या भागात ब्रेसियरच्या पट्ट्याखाली आणि काखेमागे, आणि खाली कमरेच्या वर, अशा दोन पातळ्यांवर घड्या येतात. वरच्या घडीला बऱ्याचदा चरबीपेक्षा सैल त्वचा जबाबदार असते. वजन खूप उतरलेल्या माणसात तर ती बहुतेक त्वचाच असते. तिथे चरबी शोषली तर घडी आणखी लोंबते.

पुरुषाच्या छातीचा विचारही धडाबरोबरच करावा लागतो. तरुणांमध्ये स्तनाग्रामागे रबरासारखी टणक चकती लागते, ती ग्रंथी असते, चरबी नव्हे. नळीने ती निघत नाही. स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने छेद देऊन ती कापून काढावी लागते आणि आजूबाजूची चरबी शोषून छाती समतल करावी लागते. स्नायू वाढवण्यासाठी घेतलेली औषधे किंवा यकृताचे विकार हेही अशा वाढीमागे असू शकतात. एकाच बाजूला, स्तनाग्राशी चिकटलेली कठीण गाठ असेल तर ती कर्करोगाची नाही ना, हे आधी तपासावे. पुरुषालाही स्तनाचा कर्करोग होतो.

एवढे भाग मोजल्यावर सहज प्रश्न येतो, की सगळेच एका वेळी का करू नये? याचे उत्तर इतिहासात आणि गणितात आहे. १९२१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्यूजारिए या सर्जनने एका नर्तिकेच्या पायावरची चरबी गर्भाशय खरवडण्याच्या साधनाने काढण्याचा प्रयत्न केला. रक्तवाहिनी जखमी झाली, पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर अनेक दशके या कल्पनेच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७० च्या दशकात रोममध्ये आर्पाद आणि जॉर्जो फिशर या पितापुत्रांनी, आणि पुढे पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट नळी आणि शोषण यांचा उपयोग सुरू केला. तरीही रक्त बरेच जाई. कोरड्या पद्धतीत बाहेर येणाऱ्या द्रवात २० ते ४५ टक्के रक्तच असे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी हे चित्र पालटले. सलाइनमध्ये लिग्नोकेन हे बधिरीचे औषध आणि रक्तवाहिन्या आकसणारे ॲड्रेनलिन अगदी विरळ मिसळून ते त्यांनी चरबीत आधी भरले. भाग फुगून टणक होतो, रक्तवाहिन्या आकसतात, आणि शोषलेल्या द्रवात रक्ताचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर येते. ज्या सेंट लुइसच्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यातले क्लाइन दुसरे, नावात फक्त साम्य आहे.

या द्रावणाची मर्यादा म्हणजेच नियोजनाची मर्यादा. एका लिटर सलाइनमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते असे धरले, आणि वजनाच्या दर किलोला ३५ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मान्य कमाल मात्रा घेतली, तर ६० किलोच्या स्त्रीला २,१०० मिलिग्रॅम चालते. म्हणजे द्रावण फार तर ४.२ लिटर. पोटाचे दोन भाग, दोन्ही कुशी, कमरेमागच्या वळ्या आणि वरची पाठ, एवढे सगळे नीट फुगवायला ते पुरेलच असे नाही. पूर्ण भूल दिली असेल तर लिग्नोकेन कमी करून द्रावण वाढवता येते, पण मग शरीरात किती पाणी गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब भूलतज्ज्ञाला अधिक काटेकोर ठेवावा लागतो. चरबीत भरलेले लिग्नोकेन रक्तात हळूहळू उतरते. त्याची सर्वाधिक पातळी शस्त्रक्रिया संपून कित्येक तास झाल्यावर, बहुधा रुग्ण घरी किंवा खोलीत असताना येते. तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, गुंगी अशी लक्षणे दिसली तर ती दुर्लक्षित करू नयेत, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे लागते.

दुसरी मर्यादा शोषलेल्या एकूण द्रवाची. चरबी आणि द्रावण मिळून पाच लिटरच्या पुढे गेले की ती मोठ्या प्रमाणातील शस्त्रक्रिया समजली जाते आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागते. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीतून २००० साली एक आकडा पुढे आला होता. १९९४ ते १९९८ या काळातील सुमारे पाच लाख लायपोसक्शनमध्ये ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे लाखामागे सुमारे १९. पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकणे हे त्यातले सर्वांत मोठे कारण होते. पोटाच्या आत नळी शिरून इजा होण्याच्या घटनाही त्यात होत्या. आजची साधने आणि सावधगिरी अधिक चांगली आहे. तरी ‘छोटीशी प्रक्रिया, संध्याकाळी घरी’ ही जाहिरातीतली भाषा या शस्त्रक्रियेला शोभत नाही.

आत नळी शिरण्याचा धोका कोणाला अधिक, हे जुन्या व्रणांवरून कळते. मराठवाड्यातील चाळिशीच्या बाईच्या पोटावर सिझेरियनचा, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा किंवा गर्भाशय काढल्याचा व्रण असणे अगदी नेहमीचे. व्रणाखाली आतडे पोटाच्या भिंतीला चिकटलेले असू शकते, किंवा तिथल्या भिंतीत फट पडून हर्निया झालेला असतो. दुर्बिणीतून केलेल्या नसबंदीचा छेद तर बहुधा बेंबीजवळच असतो आणि लायपोसक्शनची नळीही अनेकदा बेंबीतूनच घालतात. रुग्णाला उभे करून खोकायला सांगणे, झोपवून मान उचलायला लावणे आणि शंका असल्यास सोनोग्राफी करणे, यांत पाच-दहा मिनिटे जातात आणि अनर्थ टळतो.

मान उचलायला लावण्याने आणखी एक गोष्ट दिसते. बाळंतपणांनंतर पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. मान वर उचलताच बेंबीच्या वर मध्यभागी लांबट उंचवटा उठतो, तो याचाच. हे पोट चरबीने पुढे आलेले नसते, तर भिंत सैल पडल्याने आलेले असते. अशा पोटावरची चरबी काढली तरी ते पुढेच राहते. त्वचाही सैल असेल तर परीक्षा आणखी सोपी आहे. रुग्णाला किंचित पुढे वाकायला सांगावे. उभे असताना बरे दिसणारे ओटीपोट वाकल्यावर रिकाम्या पिशवीसारखे लोंबले, तर तिथे पोटाची जादा त्वचा कापून स्नायू शिवण्याची वेगळी, मोठी शस्त्रक्रिया लागते.

ती शस्त्रक्रिया आणि लायपोसक्शन एकत्र करायचे झाले तर भागांची निवड जिवंत त्वचा वाचवण्याचा प्रश्न बनते. पोटाच्या त्वचेला रक्त तीन दिशांनी मिळते : मधून स्नायूतून वर येणाऱ्या वाहिन्यांतून, खालून जांघेकडून आणि बाजूने बरगड्यांमधल्या वाहिन्यांतून. त्वचा कापून वर उचलली की मधला आणि खालचा पुरवठा तुटतो आणि सगळा भार बाजूच्या वाहिन्यांवर येतो. अशा वेळी उचललेल्या त्वचेच्या मध्यभागी जोरात चरबी शोषली तर त्वचा काळी पडून मरू शकते. अमेरिकन सर्जन ॲलन मातारासो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कोणत्या भागात लायपोसक्शन सुरक्षित, कुठे मर्यादित आणि कुठे टाळायचे याची आखणी मांडली. ब्राझीलच्या ओस्वाल्दो साल्दान्हा यांनी २००१ मध्ये त्वचा कमी उचलून वाहिन्या राखण्याची पद्धत दाखवली. तंबाखू, गुटखा, बिडी किंवा मिश्री यांतील निकोटिन नेमक्या याच बारीक वाहिन्या आकसवते, म्हणून किमान चार आठवडे आधी ते पूर्ण थांबवावे लागते. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तिला तंबाखू समजत नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. सर्जनने तो प्रश्न नाव घेऊन विचारला पाहिजे.

प्रत्यक्ष आखणी शस्त्रक्रियेच्या सकाळी, भूल देण्याआधी आणि रुग्ण उभा असताना होते. हा टप्पा बारकाईने पाहण्यासारखा असतो. चांगला उजेड, अंगावर जेमतेम कपडे, समोर सर्जन आणि त्याच्या हातात न पुसणारे पेन. आधी चारी बाजूंनी आणि तिरप्या कोनांतून छायाचित्रे. मग बेंबीतून वर-खाली मध्यरेषा, बरगड्यांची कड, कमरेच्या हाडाची कड. प्रत्येक फुगवट्याभोवती, डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात तशा एकात एक वर्तुळरेषा. सर्वांत आतल्या रेषेत काम सर्वांत जास्त, बाहेरच्या रेषेकडे कमी आणि कडेला नळी फक्त हलकी फिरवून उतार शेजारच्या भागात मिसळून टाकायचा. खोलगट जागांवर वेगळी खूण. रुग्ण आडवा झाला की हा सगळा डोंगर सपाट होतो, चरबी बाजूला ओघळते आणि द्रावण भरल्यावर तर मूळ आकार ओळखूच येत नाही. पुढचे दोन-तीन तास सर्जनला फक्त या रेषांवर विसंबावे लागते. रुग्णानेही आरशासमोर उभे राहून या रेषा पाहाव्यात आणि मनातल्या जागेवर खूण नसेल तर तेव्हाच बोलावे. छेद तीन ते पाच मिलिमीटरचे असतात. ते बेंबीच्या आत, ओटीपोटाच्या केसांत, अंतर्वस्त्राच्या काठाखाली असे लपवतात. प्रत्येक भागाला किमान दोन वेगळ्या दिशांनी नळी पोचेल असे छेद लागतात. एकाच दिशेने चालल्यास नांगरटीसारखे चर पडतात. भारतीय त्वचेवर या बारीक छेदांचे डागही काळपट पडून काही महिने राहू शकतात.

खर्चाची बोलणी करताना ‘एरिया’ हा शब्द येतो आणि गोंधळ इथे सुरू होतो. किती भाग म्हणजे एक एरिया, याचा सर्वमान्य नियम नाही. एके ठिकाणी पूर्ण पोट हा एक एरिया असतो, दुसरीकडे वरचे पोट आणि ओटीपोट असे दोन. कुशी कुठे जोडीने मोजतात, कुठे एकेक. ‘३६०’ या नावाने विकले जाणारे काम म्हणजे कमरेभोवती पूर्ण फेरी, पण त्यात वरची पाठ येते की नाही हे दवाखान्यागणिक बदलते. म्हणून कागदावर पुढून आणि मागून माणसाची आकृती काढून घ्यावी, तिच्यावर भाग रंगवून घ्यावेत आणि त्या कागदावर दर लिहून घ्यावा. सर्जन प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी आहे का आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. भूलतज्ज्ञ कोण आणि रात्री अडचण आली तर अतिदक्षता विभाग कुठे, हेही विचारावे. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही.

चारठाण्यासारख्या गावातून शहरात जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या माणसाच्या नियोजनात प्रवासही धरावा लागतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा पुणे, कुठेही गेले तरी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी एसटीत किंवा जीपमध्ये तासन्‌तास पाय दुमडून बसणे घातक आहे. पायातल्या गुठळीचा धोका या दिवसांत अधिक असतो. पहिले एक-दोन दिवस छेदांमधून लालसर पाणी भरपूर झिरपते, चादर भिजते आणि घरचे लोक घाबरतात. ते बहुतेक उरलेले द्रावण असते. मात्र ताप, वाढती वेदना, त्वचेवर पसरणारा लालसर-काळपट डाग, धाप किंवा एका पोटरीची सूज दिसली तर वाट पाहायची नाही. रुग्णाने पहिले चार-पाच दिवस शहरातच नातेवाइकांकडे राहावे, दिवसातून अनेकदा घरातल्या घरात चालावे आणि पहिली तपासणी झाल्यावर गावी परतावे. गावातल्या डॉक्टरला काय केले आहे हे सांगणारा कागदही बरोबर असावा.

नंतर चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा किंवा दाबाचा पोशाख घालावा लागतो. त्याची कड कुशीत घडी पडेल अशी बसता कामा नये, कारण ती घडी सूज उतरल्यावरही उमटून राहू शकते. परकराचा नाडा या काळात त्या जुन्या खाचेवर बांधू नये, पोशाखावर सैल बांधावा. पहिले काही आठवडे पोट हाताला गाठाळ आणि बधिर लागते, आणि सूज दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी वाढते. तीन महिन्यांनी आकार दिसू लागतो, सहा महिन्यांनी तो बराचसा स्थिर होतो. एखाद्या जागी उंचवटा राहिलाच तर त्याला पुन्हा हात लावायचा की नाही हे त्यानंतरच ठरवावे. त्या वेळी पहिल्या दिवशी काढलेली छायाचित्रे आणि रंगवलेला तो आकृतीचा कागद पुन्हा समोर घेतला जातो.